बुरुजावरचे लाल वस्त्र

फार वर्षांपूर्वीची ही हकिकत आहे. घाटमाथ्यावर तटबंदीने वेढलेले एक नगर होते. नगराला राजा होता, तटाला किल्लेदार होता आणि न्यायमंदिरात एक वृद्ध न्यायाधीश होते. लोक त्यांना शास्त्रीबुवा म्हणत.

त्या न्यायमंदिराचा एक जुना दंडक होता. फिर्याद करणाऱ्याने आरोपीच्या हातांची दोरी स्वतःच्या हाताने सोडायची, मगच तोंड उघडायचे. ज्याच्यावर आळ घ्यायचा, त्याचा चेहरा एकदा जवळून पाहावा, एवढाच त्यामागचा हेतू होता.

एके वर्षी शेजारच्या राज्याशी वैर पेटले. शत्रूच्या स्वारांनी घाटातली चौकी जाळली आणि नगरात घबराट उडाली. त्याच सकाळी पूर्वेच्या बुरुजावर एक लाल वस्त्र फडकताना पहारेकऱ्यांनी पाहिले होते. ते तेथे लावणारा रंगारी मूळचा शत्रूच्या मुलखातला. ही शत्रूला केलेली खूणच, असे ठरवायला किल्लेदाराला तेवढे पुरे झाले. त्याने रंगाऱ्याला कोठडीत टाकले. त्याच्याशी कोणी बोलू नये आणि त्याच्यावरचा आरोप बाहेर कोणाला कळू नये, अशी सक्त ताकीद दिली.

काही दिवस शोध घेऊन थकलेली रंगाऱ्याची बायको न्यायमंदिराच्या पायरीशी आली.

"सरकार, माझ्या माणसाला शिपायांनी नेले. का नेले, कुठे ठेवले, कोणी सांगत नाही. विचारायला गेले तर हाकलून देतात."

"त्याने काय केले, हे मला ठाऊक नाही, बाई," शास्त्रीबुवा म्हणाले. "परंतु तो जिवंत आहे की नाही, हे विचारण्याचा तुझा हक्क आहे." त्यांनी तत्काळ किल्लेदाराला निरोप धाडला: कैद्याला उद्या न्यायमंदिरात हजर करावे.

कैदी येण्याऐवजी त्याच दिवशी स्वतः राजा आला. त्याच्या हाती हुकूम होता. रंगाऱ्याचा उद्या पहाटे कडेलोट, आणि त्याच्याच मुलखातून येऊन रंगारआळीत वसलेल्या सर्वांची नगरातून हकालपट्टी.

"शास्त्रीबुवा, यावर तेवढी मोहर उठवा," राजा म्हणाला.

"माणूस पाहिला नाही, त्याचे म्हणणे ऐकले नाही. मोहर कशावर उठवू, महाराज?"

"शत्रू घाटात आहे! अशा वेळी साक्षी-पुरावे घेत बसायचे?"

"वेळ थोडा असेल तर लवकर बसू. पण बसायला हवे."

राजाचा स्वर चढला. "या आसनावर तुम्हाला मी बसवले आहे."

"आसन आपण दिले, हे खरे. निकाल मात्र त्याबरोबर दिला नव्हता, आणि मी मागितलाही नव्हता. उद्या आपण येथे दुसऱ्या कोणाला बसवावे. आज मी आहे, तोवर ही मोहर उठणार नाही."

राजा पाय आपटत निघून गेला. ही वार्ता बाजारात पोहोचली, तेव्हा लोकही शास्त्रीबुवांवरच उलटले. "काय शास्त्रीबुवा, शत्रूच्या घरचे जेवण गोड लागले वाटते!" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "म्हातारपणी घर बदलायचा विचार दिसतो!" शास्त्रीबुवांनी उपरणे सावरले आणि ते संथपणे घरी गेले.

मोहरेवाचून कडेलोट करावा, तर वाडवडिलांपासून चालत आलेला कायदा मोडावा लागणार होता. एवढे धैर्य राजालाही झाले नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी न्यायमंदिराची सर्व दारे उघडली गेली आणि सारे नगर तेथे लोटले. राजा एका बाजूला बसला. रंगाऱ्याला आणण्यात आले.

"किल्लेदार, दोरी सोडा," शास्त्रीबुवा म्हणाले.

"हेराची दोरी मी सोडू?"

"हेर की रंगारी, ते अजून ठरायचे आहे. दोरी सुटल्याशिवाय आपली फिर्याद उभी राहत नाही."

किल्लेदाराने राजाकडे पाहिले. राजाने दृष्टी वळवली. निरुपायाने किल्लेदार वाकला. गाठ आवळलेली होती, ती त्याच्याने लवकर सुटेना. रंगाऱ्याची मनगटे सुजली होती, हे त्याला प्रथमच दिसले.

फिर्याद सांगून झाल्यावर शास्त्रीबुवांनी विचारले, "बुरुजावर वस्त्र कशासाठी लावलेस?"

"वाळत घातले होते, सरकार. तिथे वारा चांगला असतो."

"कोणाचे वस्त्र?"

रंगाऱ्याने मान खाली घातली. "ते मी सांगणार नाही. माझ्यापायी आणखी एका माणसावर आळ यायचा."

लोक गरजले, "पाहा, बोलती बंद झाली! चढवा कड्यावर!"

शास्त्रीबुवांनी हात उंचावला. "गप्प राहणे हा गुन्हा नव्हे. ओरडणे हा पुरावा नव्हे. ते वस्त्र उलगडून दाखवा."

शिपायाने गाठोड्यातून लाल वस्त्र काढून दोन्ही हातांनी पसरले. तोच बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला.

"अग बाई! हा तर माझा शालू!"

सर्वांच्या माना वळल्या. किल्लेदाराची पत्नी पुढे येत होती.

"मीच याला रंगवायला दिला. लेकीच्या लग्नाला हवा, लवकर वाळव, बुरुजावर घाल, असे मीच बजावले. आणि शालू परत येईना, म्हणून इतके दिवस याच्याच नावाने बोटे मोडते आहे!"

किल्लेदार पुटपुटला, "मग मला सांगायचे नाही?"

"अहो, कोणाला पकडले ते तुम्ही कुठे सांगितलेत? विचारले की आपले एकच, राज्याचे गुपित! पहारेकऱ्यालाही मीच निरोप दिला होता. विचारा त्याला."

बुरुजावरच्या पहारेकऱ्याने घाबरत घाबरत होकार दिला. त्याला तोवर कोणी काही विचारलेच नव्हते.

शास्त्रीबुवांनी निकाल दिला: रंगारी निर्दोष आहे, आणि रंगारआळीतून कोणीही हलणार नाही. किल्लेदाराने भरसभेत रंगाऱ्याची क्षमा मागितली. राजा उठला. सर्वांसमक्ष त्याने आपला हुकूम फाडला आणि नवा नियम जाहीर केला: यापुढे ज्याला धरले जाईल, त्याला दुसऱ्या दिवशी या उघड्या दारांत उभे केलेच पाहिजे, युद्ध असो वा शांतता. काल टोमणे मारणारेच आज शास्त्रीबुवांच्या नावाचा जयजयकार करू लागले. रंगाऱ्याच्या बायकोने मात्र जयजयकार केला नाही. ती नवऱ्याची मनगटे चोळत बसली होती.

रंगारआळीत लोकांनी जाण्यासाठी बोचकी बांधून ठेवली होती. ती त्यांनी सोडली. काही दिवसांनी शत्रू तटाशी आला, तेव्हा त्याची अपेक्षा होती की आतले आपल्या मुलखाचे लोक दरवाजा उघडून देतील. दरवाजा उघडला नाही. उलट त्याच लोकांनी उकळत्या रंगाच्या कढया तटावर चढवून खाली ओतल्या. शत्रूचे सैन्य निळे, पिवळे, तांबडे होऊन असे पळाले की घाट उतरेपर्यंत कोणी मागे वळून पाहिले नाही.

विजयाच्या दिवशी राजा न्यायमंदिरात आला. "शास्त्रीबुवा, तो निरपराध आहे हे आपण आधीच ओळखले होते, आणि म्हणून राज्य वाचले."

"नाही, महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले. "मी काहीच ओळखले नव्हते. तो अपराधी निघाला असता, तर मीच त्याला शिक्षा सांगितली असती. पण तीही त्याचे ऐकून घेऊन, सर्वांदेखत. मी त्याला वाचवायला बसलो नव्हतो. त्याचा न्याय करायला बसलो होतो."

राजाने त्यांना वाकून नमस्कार केला.

या कथेचे तात्पर्य असे: संकटकाळी ज्या राज्यात न्यायाधीश सत्तेपुढे वाकत नाही आणि परक्या वाटणाऱ्या माणसाचेही म्हणणे ऐकले जाते, त्या राज्याचा तट सर्वांत भक्कम असतो.