लांबच्या झऱ्याचं पाणी

एकदा एक तरुण शिष्य आपली ताई, दाजी आणि नऊ वर्षांचा भाचा यांना घेऊन डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला.

भाचा रंगू गोड होता, पण काल गिरवलेलं अक्षर त्याला आज अनोळखी वाटे. ताई दिवसभर त्याच्यामागे असायची. दाजी तिच्याशी बोलत ते फक्त रंगूविषयी, आणि तेही दोष द्यायला. आता ते तिला माहेरी पाठवायला निघाले होते. माहेरी तरी उरलं होतं कोण? लेकीला अधूनमधून उसंत देणारी आई चैत्रातच गेली.

"गुरुजी, याला लवकर लिहायला शिकवा. ताईचा संसार मोडतोय."

"शिकवीन, पण त्याच्या चालीनं," गुरुजी म्हणाले. मग ते जोडप्याकडे वळले. "दक्षिणा एवढीच. दर गुरुवारी कोसभर लांबच्या झऱ्यावरून हंडाभर पाणी आणा. हंडा वेळूला अडकवा आणि वेळूची दोन टोकं दोघांच्या खांद्यावर घ्या. वाटेत पोराचं नाव काढायचं नाही."

"मग बोलायचं काय?" ताईनं विचारलं.

रंगूला सांभाळायचं काम शिष्याकडे आलं.

तिसऱ्या गुरुवारी त्याला कळलं की झऱ्याचं पाणी गुरुजी जास्वंदीला घालतात. तो उसळलाच.

"अंगणात तुडुंब विहीर आहे. आधीच दमलेल्या माझ्या ताईला कशाला राबवता?"

"बैस. ताई झऱ्यावर गेल्यापासून तू काय केलंस?"

"रंगूमागे धावलो. दोनदा ओरडलो." तो थांबला. "एकदा रडलोही."

"ही तुझी एक दुपार झाली. ती नऊ वर्षं हेच करते आहे. रंगूला आज किती आलं, हे तिला सगळे विचारतात. तू जेवलीस का, हे विचारणारी तुझी आई होती. मला पाणी नको होतं, बाळा. ताईला ती वाट हवी होती. वेळूखाली पावलं जुळली नाहीत तर हंडा हिंदकळतो, म्हणून तरी तुझे दाजी तिच्या पावलांकडे बघतात. पोर शिकेल सावकाश. तोवर त्याची आई टिकायला हवी."

तेवढ्यात दोघं फाटकातून आत आली. हंडा अर्धा सांडलेला होता.

"ही मध्येच करवंदं तोडायला थांबते," दाजी म्हणाले.

"आणि हे उंटासारख्या ढांगा टाकतात," ताई म्हणाली. ती हसत होती.

शिष्यानं हंडा घेतला आणि जास्वंदीच्या बुंध्याशी रिकामा केला.

"पाणी कमी पडलं, दाजी. पुढच्या गुरुवारी पुन्हा जावं लागेल. सावकाश या, रंगू माझ्याजवळ आहे." मग तो बहिणीकडे वळला. "ताई, जेवलीस का?"

ताई पायरीवर बसली. चैत्रापासून तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.