उघड्यावर पडलेले बी

पूर्वी अश्मक देशात विपुलसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजोद्यानात तण काढणाऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. बापामागे खुरपे त्याच्या हाती आले. उद्यानपाल नागदत्ताची शिस्त मोठी कडक. पाणथळ जागी आपोआप उगवणारा, चण्याएवढ्या पांढऱ्या फुलांचा माका त्याला डोळ्यांसमोर नको असे. दिसला की उपटून कुंपणापलीकडे.

एका वर्षी नगरात काविळीची साथ आली. वैद्यांनी माक्याचा रस सांगितला आणि लोकांनी सगळा नदीकाठ मुळासकट उपटून काढला. महिन्याभरात माका दिसेनासा झाला. तेव्हाच नागदत्ताची एकुलती मुलगी पद्मला हळदीसारखी पिवळी पडली. जन्मभर ज्याने माका उकिरड्यावर फेकला, तोच आता माक्यासाठी रानोमाळ हिंडू लागला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेवटचे झाड त्याच्याच बागेत, खुरपी धुण्याच्या पाटाकडेला उभे होते, आणि सोमिल त्याला जपत होता.

शेवटी ते दिसताच नागदत्ताने झाडाच्या बुंध्याला हात घातला.

"धनी, उपटू नका," सोमिल म्हणाला. "रोज खालची चार पाने पद्मलेसाठी घ्या. फुलांना बी धरू द्या."

नागदत्ताने मान वर केली. सोमिलचे डोळेही पिवळेधमक होते.

"अरे, तुलाही झाली आहे! मग तू का नाही खाल्लास?"

"मी खाल्ला असता तर माका माझ्यापाशीच संपला असता. गावात घरोघरी माणसे पडून आहेत."

एका हिसक्याचे काम होते. पण नागदत्ताला स्वतःची लाज वाटली. चार पाने खुडून तो घरी गेला.

पंधरवड्याने काळे बी तयार झाले. "आता पेरणे माझ्याकडे," नागदत्त म्हणाला. त्याने वाफा खणला, शेणखत घातले, अर्धे बी बोटाच्या पेराएवढे खोल पुरले आणि वर माती ओढली. त्याच्या घराण्यात असेच पेरत आले होते. बारा दिवस गेले, काही उगवले नाही. "बीच पोचट," तो म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडे! पण घरी पद्मलेला उठून बसवेना, आणि झाडावर आता शेंड्याचीच पाने उरली होती.

"धनी, दहा वर्षे मी हा उपटतो आहे," सोमिल म्हणाला. "ढेकळाखालून वर आलेला कधी पाहिला नाही. पूर ओसरला की नुसत्या चिखलावर येतो. त्याला उजेड लागत असेल. झाकू नका."

"उघड्यावर टाकू? चिमण्यांना मेजवानी!"

"मी बसतो राखायला."

सोमिलने ओला चिखल तळहाताने सपाट केला, उरलेले बी त्यावर भुरभुरले आणि माती ओढलीच नाही. अंगात ताकद नव्हती, तरी सहा दिवस तो चिमण्या हाकत, बोटांनी पाणी शिंपडत बसला. नागदत्त रोज येई आणि मान हलवून परत जाई.

सातव्या सकाळी तो आला आणि जागच्या जागी खाली बसला. चिखल हिरवा दिसत होता. दोन-दोन पानांचे शेकडो जीव उठत होते. कित्येकांच्या माथ्यावर बियांची काळी टोपी अजून तशीच होती. सारे आयुष्य बागेत गेले, पण बी अंकुरताना त्याने आज पहिल्यांदा पाहिले. त्याचे बी नेहमी मातीआडच उगवत आले होते. ज्या तणाला तो शिव्या देत असे, त्याच्यापुढे त्याचे हात जोडले गेले.

रोपे वाढली. पद्मला उठली, नगर उठले. सोमिलने आपली पाने सगळ्यांच्या शेवटी घेतली.

राजाने त्या जागेभोवती भिंत घालायची आज्ञा दिली, तेव्हा सोमिल म्हणाला, "महाराज, भिंत नको. नेणाऱ्याने एक फांदी बियांसाठी ठेवावी, एवढा नियम करा." राजाने तो केला. पुढे त्या नगरात माका कधी संपला नाही.

ही कथा विहारातल्या भिक्खूंना सांगून शास्ता म्हणाले, "त्या वेळची पद्मला म्हणजे विहारात आजाऱ्यांची सेवा करणारी ही उपासिका. नागदत्त म्हणजे आज सकाळी दारातले तण न पाहताच खुरपून टाकणारा हा भिक्खू. आणि डोळे पिवळे होऊनही ज्याला नीट दिसत होते, तो सोमिल मीच होतो."

पुढे बसलेल्या भिक्खूने मांडीवरचे खुरपे हळूच जमिनीवर ठेवले. आहे ते आहे तसे पाहणे, आणि ते सर्वांच्या कामी लावणे, हीच प्रज्ञापारमिता.