सहा मडक्यांचा तराफा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा तळ्यातली कासवं माणसांशी बोलत, आणि माणसंही हातातलं काम बाजूला ठेवून ऐकून घेत. आता कासवं बोलत नाहीत. ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून ती गप्प झाली, असं म्हणतात.

त्या काळी दाट रानाच्या कुशीत एक मोठं तळं होतं. सकाळी त्यावर एवढं धुकं उतरायचं, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. काठावरच्या गावाचं पोट शिंगाड्यांवर चाले. मातीच्या सहा रिकाम्या मडक्यांची तोंडं लाखेने बंद करायची, वर बांबूची चौकट बांधायची, की झाला तराफा. त्यावर बसून वेलींमधून शिंगाडे तोडत फिरायचं.

तिथे एक रीत होती. शिंगाड्याची पहिली तोडणी निघे, त्या दिवशी आठ वर्षांच्या पोरांना आपापला तराफा मिळे. तो आईनेच बांधायचा. लाख लावण्याआधी तिने प्रत्येक मडक्याच्या तोंडाशी ओठ नेऊन पोराचं नाव घ्यायचं आणि मग तराफा पाण्यात लोटायचा. आठव्या वर्षी जमलं नाही तर नवव्या, फार तर दहाव्या. दहावं सरलं की तळं त्या पोराला ओळखत नाही, असं मानत. मग जन्मभर काठावर बसून शिंगाडे सोलायचे.

सायत्राची बकुळा दहा वर्षांची होती.

बकुळाला आकडी येई. बोलता बोलता तिची नजर थिजायची, हातपाय ताठ व्हायचे, अंग झटके द्यायचं. थोड्या वेळाने सगळं निवायचं आणि ती थकून झोपून जायची. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. वैद्याने सांगितलं होतं, की औषधाने हे दुखणं कमी होईल, पण मुळातून जाईल असं वचन देता येत नाही. बकुळाच्या बापाला सगळं ठाऊक होतं. पण तो मासळी घेऊन दूरच्या बाजारांना फिरायचा, आणि गावात असला तरी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा.

बाकी गावाला सायत्राने पत्ताच लागू दिला नव्हता. लोक काय म्हणतील, हे तिने लोकांच्या आधी स्वतःच ठरवून टाकलं होतं. म्हणतील, पोरीला झपाटलंय, आमच्या पोरांजवळ नको. म्हणून आठव्या वर्षी तिने बकुळाला ताप आल्याचं सांगितलं आणि नवव्या वर्षी पाय मुरगळल्याचं. सबबी काही विकत आणाव्या लागत नाहीत.

यंदा मात्र बकुळाच समोर उभी राहिली.

"माय, मले जन्मभर शिंगाडे सोलाचे नाईत. मले तळ्यात जाचं हाय."

सायत्राला नाही म्हणवेना, आणि हो म्हणताना तिचा जीव टांगणीला लागला.

तोडणीच्या आदल्या संध्याकाळी ती अंगणात मडकी घेऊन बसली. पहिल्या मडक्याशी ओठ नेले, नाव घ्यायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. 'पाण्यात आकडी आली त?' मडक्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं, म्हणून तिला क्षणभर बरं वाटलं. तिने घाईघाईने लाख लावली. दुसऱ्यात ती म्हणाली, 'पोरं हसले त?' तिसऱ्यात, 'इच्यासंगं कोणी खेळलंच नाई त?' चौथ्यात, 'माहं काय चुकलं?' पाचव्यात, 'मी थकली त इले कोण पाहीन?' आणि सहाव्यात, अगदी हळू, 'मी मेल्यावर इचं काय?' त्या मडक्यावर तिने दुप्पट लाख थापली. पोरीचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

सकाळी धुक्यातून पोरांचे तराफे एकेक करून बदकांसारखे सुटले. सायत्राने बकुळाचा रिकामा तराफा पुढे लोटला. तो हातभर गेला आणि शांतपणे बुडाला. लोकांनी ओढून वर काढला. मडक्यांना चीर नव्हती, लाख जागच्या जागी होती. पुन्हा लोटला, पुन्हा बुडाला. पुढे गेलेली पोरंही तराफे वळवून काठाला परत आली.

गावच्या पाटलाने मान हलवली. तळंच पोरीला नको म्हणतंय, तेव्हा राहू दे तिला काठावर, असं तो जरा ओशाळूनच बोलला. बकुळाने खालचा ओठ दाताखाली धरला. ती रडली नाही, आणि तिचं ते न रडणं सायत्राला बघवेना.

तेवढ्यात काठाच्या चिखलातून एक म्हातारं कासव वर आलं.

"तळ्यावर आळ घेऊ नका," ते म्हणालं. "रिकामं मडकं तरते. हे मडके भरेल हायेत. सायत्रे, काय भरलं त्यात?"

काही नाही, असं सायत्रा म्हणणार होती. आजवर ती सगळ्यांना तेच सांगत आली होती. पण तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, दगड उचलला आणि पहिल्या मडक्याची लाख फोडली.

आतून धुक्याचा एक लोळ निघाला, आणि त्याला सायत्राचाच आवाज होता. 'पाण्यात आकडी आली त?' आवाज काठावरून हळूहळू तरंगत गेला. मग तिने दुसऱ्याची लाख फोडली, तिसऱ्याची फोडली. गाव ऐकत राहिलं. खोटं कशाला सांगू, दोन बायका आपली पोरं ओढून मागे सरल्या. जग काही एका सकाळीत बदलत नाही. बाकीच्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

सहावं मडकं बोललं तेव्हा शेजारची गिरजा पुढे आली. ती चिडलेली होती आणि तिचे डोळे भरलेले होते.

"इतके वर्सं भिंतीले भिंत लावून राह्यलो आपण, अन् तू मडक्याले सांगतलं? त्या शेवटच्या गोष्टीचं उत्तर माह्याजवळ नाई, सायत्रे. पण आता ते आपल्या दोघीचं दुखणं. सांग, आकडी आली त काय कराचं?"

सायत्राने सांगितलं. पोरीला कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही कोंबायचं नाही, नाकाला वहाण लावायची नाही. जवळ थांबायचं आणि धीर धरायचा. पाटलाने वहाणेचं दोनदा विचारून घेतलं, कारण त्याचा त्या उपायावर फार भरवसा होता. पोरांनी सगळं खेळाच्या गाण्यासारखं घोकून टाकलं. बकुळाचा तराफा कायम दोन तराफ्यांच्या मध्ये राहील, हेही त्यांनीच ठरवलं.

सायत्राने सहाही मडक्यांत लेकीचं नाव घेतलं आणि नव्याने लाख लावली. या वेळी तराफा तरला.

अकराव्या दिवशी तळ्याच्या मध्यावर बकुळाची नजर थिजली.

सायत्राने ते काठावरून पाहिलं. ती छातीभर पाण्यात धावली, पण अंतर फार होतं आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर दोन तराफे दोन्ही बाजूंनी बकुळाच्या तराफ्याला येऊन चिकटले. गिरजाच्या लेकीने बकुळाला कुशीवर वळवलं आणि तिच्या डोक्याखाली आपली मांडी दिली. बाकीची पोरं भोवती कडं करून थांबली. कुणी ओरडलं नाही. अंग निवलं तसे तिन्ही तराफे हळूहळू काठाकडे निघाले.

दुपारी गिरजाच्या ओसरीवर बकुळा झोपून उठली, तर शेजारी आई गाढ झोपलेली. सायत्रा आजवर लेकीच्या श्वासाला कान लावून निजत आली होती. आज कान लावायला दुसरं कुणी होतं. मैत्रिणी उकडलेले शिंगाडे घेऊन हाका मारत आल्या, तशी बकुळाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला वं. माय झोपली हाय."

बोध: लेकराच्या दुखण्याची काळजी एकट्याच्या उरात कोंडली की बुडवते, चार जणांत वाटली की तारते.