कवठं फोडायचे सुळे

परत विकले तर काय मिळेल, हा प्रश्न कुणीतरी पहिल्यांदा विचारला. ज्याने विचारला त्याने ते अजून कबूल केलेलं नाही. तो कळपातच चरतो आहे, रवंथ करतो आहे, आणि घळीत जे झालं त्याबद्दल इतरांइतकीच हळहळ व्यक्त करतो आहे.

त्या कुरणात लांडगे उरले नव्हते. त्यांची हाडं घळीत पडली होती आणि घळीच्या तोंडाशी बसून एक तरस त्यांचे सुळे विकत असे. घेणारे सगळे गवत खाणारे. सुळे राळेने जबड्याला चिकटवायचे आणि दिवस कलताना सपाट कातळावर जमून कवठं फोडायची, असा तिथला रिवाज होता. कवठ फुटतानाचा तो ठसठशीत आवाज गवत चावताना कधीच येत नाही. ज्याने तो एकदा स्वतःच्या तोंडात ऐकला, त्याला दुसऱ्या संध्याकाळी कातळावर यावंसं वाटेच.

कबरी शेळीने त्या आवाजासाठी ओढ्याकाठचा आपला चरायचा वाटा तरसाला दिला. तरस गवत खात नव्हता. पण ओढ्याकाठी चरायचं असेल तर आता बहुतेकांना त्यालाच विचारावं लागत असे.

कातळावर तिची जोडी भुऱ्याशी जमली. भुऱ्या कुत्रा होता, डोंगरापलीकडून आलेला, रंगाने थेट लांडग्यासारखा करडा. तो स्वतःच्याच दातांनी कवठं फोडी. मागच्या हंगामात एक दगडासारखं कवठ फोडताना त्याच्या उजव्या सुळ्याच्या टोकाचा टवका उडाला होता, आणि ती जागा तो सगळ्यांना अभिमानाने दाखवी.

"उधारीच्या दातांनी फोडतेस आणि वर माज करतेस," तो कबरीला म्हणे.

"तुझे फुकटचे, म्हणून टवके उडतात," कबरी म्हणे.

खेळ संपला की तो तिला लांडग्यासारखा हेल काढायला शिकवी, अगदी दबक्या आवाजात, दोघांपुरता. कारण कळपाने त्याला एकाच अटीवर राहू दिलं होतं: घळीकडून हेल ऐकू आला नाही, तोवर. एकदा ऐकू आला, तर करड्या रंगाचा कुणी कुरणात दिसता कामा नये. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. कबरीने तो हेल इतका हुबेहूब उचलला की भुऱ्या हसता हसता कातळावरून घसरला.

पुढे ठकू मेंढीने तिला चरताना गाठलं. ठकू कळपातली सगळ्यात जाणती मावशी.

"कबरे, मजेसाठी घेतलेस, चांगलं केलंस. पण गवत वाळायला लागलंय. उद्या सुळे परत दिलेस तर ओढ्याकाठ मिळेल का गं?"

"मी विकायला थोडेच घेतलेत, मावशी?"

"विकायला कुणीच घेत नाही. विचारून ठेवायला काय जातं?"

कबरी विचारायला गेली. तरसाने सुळे हुंगले, उन्हात धरले.

"रसाने चमक गेलीय. डागाळलेले सुळे कोण घेणार, कबरीबाई? वापरू नका. तेल लावून ठेवा."

त्या दिवसापासून कबरी कातळावर कवठं फोडेनाशी झाली. ती नुसती बसून राही. हळूहळू इतरही नुसतेच बसू लागले, प्रत्येकाचे सुळे तेलाने चकाकत असलेले, तोंड बंद. भुऱ्या एकटाच कवठं फोडी आणि प्रत्येक आवाजानिशी कळप त्याच्याकडे नाराजीने बघे.

काही दिवसांनी ती पुन्हा तरसाकडे गेली.

"आता चकाकतायत," तरस म्हणाला, "पण भाव पडलाय. अर्धा काठसुद्धा नाही मिळायचा. शांतता आहे ना सगळीकडे! भाव माझ्या हातात नसतो, कबरीबाई. घळीकडून आवाज आला की आपोआप चढतो."

एवढंच बोलून तो हाडं निवडू लागला. त्याने तिला काहीही करायला सांगितलं नाही. हे ध्यानात ठेवलं पाहिजे, कारण पुढे तोही तेच सांगत होता.

गवत आणखी वाळलं. एका पहाटे, धुकं जमिनीला चिकटलेलं असताना, कबरी घळीच्या काठावर गेली. एकच हेल, असं तिने ठरवलं होतं. लांडगा तर नाहीच. मग कुणाचं काय बिघडणार होतं? भुऱ्या कुरणाच्या दुसऱ्या टोकाला कपारीत झोपलेला असणार, आणि तो इथे नाही म्हटल्यावर या धुक्यात कुणाच्या नजरेस पडणार नाही. तिने मान वर केली आणि त्याने शिकवला तसा हेल काढला.

कळप यायला वेळ लागला नाही. सगळे सुळे लावूनच आले. ज्यांनी ते कित्येक दिवस डागापासून जपले होते तेही आले. कुणी ओरडत नव्हतं. धुक्यात फक्त खुरांचा आवाज होता. कबरी त्यांच्यात मिसळली.

तेवढ्यात घळीच्या खालच्या अंगाने काहीतरी करडं धावत येताना दिसलं. त्या कुरणात तो आवाज ओळखणारा एकच जण होता, आणि बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्याला खेळायला हाक मारली होती. त्याच्या तोंडात कवठ होतं. धुक्यात कळपाला फक्त उघडा जबडा दिसला.

"हा भुऱ्या आहे, हेल मी काढला," एवढंच म्हणायचं होतं. कबरीने तोंड उघडलं. शेजारी उभी असलेली ठकू पुटपुटली, "आता सुळ्यांना सोन्याचे दिवस येतील गं." कबरीने तोंड मिटलं.

खाली कवठं फुटल्यासारखा आवाज झाला, आणि बराच वेळ होत राहिला.

ऊन वर आलं तेव्हा घळीच्या तोंडाशी ही गर्दी होती. कुणाला सुळे विकायचे होते. पण घेणारेच जास्त होते. तरस सगळ्यांशी नम्रपणे बोलत होता. भाव इतका चढला होता की कबरीला अख्खा ओढ्याकाठ परत मिळाला असता. आपले कोरे, चकाकते सुळे पुढ्यात घेऊन ती रांगेत उभी राहिली.

तिच्यापुढे एक ससा होता. तरसाने त्याच्यासमोर एक नवी जोडी ठेवली. नुकतीच धुतलेली, अजून ओली. सशाने डावा सुळा उलटसुलट करून पाहिला, मग उजवा उन्हात धरला आणि त्याच्या टोकावरून पंजा फिरवला.

"याचा टवका उडालाय हो," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "उद्या मी विकायला काढला, तर याला काय भाव येणार?"