बिबळ्यावर सोडायचं कुत्रं

“वेग नको, ताकद नको, हिंमतसुद्धा नको… मग बाबा, बिबळ्यावर सोडायच्या कुत्र्यात बघायचं तरी काय?”

हैबतीनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

धुळाबाबानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

“पाणी प्यालास का?” एवढंच तो म्हणाला.

हैबती काही पाणी प्यायला सहा कोस चालत आला नव्हता.

आसपासच्या तीन खोऱ्यांत त्याच्या तोडीचा शिकारी नव्हता, आणि ही गोष्ट लोकांच्या आधी त्याला स्वतःला ठाऊक होती. धनगराचा गडी, खोपटात शिरायचं तर कमरेत वाकावं लागायचं एवढा उंच. त्याची कुत्री लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली, सुटली की वाऱ्याला मागं टाकणारी. आणि मुकी.

मुकी म्हणजे जन्माची नव्हेत, त्यानं केलेली. सशामागं पळणारं कुत्रं भुंकलं तर निम्मा दम भुंकण्यातच जातो, आणि पुढच्या झुडपातला ससाही कान टवकारतो. म्हणून हैबतीकडं पिल्लू आलं की पहिल्या भुंकण्याला एक काठी, दुसऱ्याला दोन. तिसरं भुंकणं सहसा यायचंच नाही. लोक चेष्टेनं म्हणायचे, हैबतीच्या दारी चोर आला तर कुत्रं कुणाला कळवायचं नाही. चोरालाच घरी जाऊन कळेल की आपली पोटरी मागं राहिली.

पण यंदा त्याच्या वस्तीजवळच्या ओढ्यात बिबळ्या येऊन राहिला. सशाची गोष्ट वेगळी आणि बिबळ्याची वेगळी. अकरा मेंढरं गेली. मग भरदिवसा तो वाघरात, म्हणजे जाळी लावून केलेल्या मेंढरांच्या कोंडात शिरला. बायका पाण्याला जाईनात. म्हातारे म्हणाले, हे रान सोडू या, बिऱ्हाडं घोड्यावर टाकू. रान सोडलं तर उन्हाळ्यात मेंढरांनी खायचं काय, धोंडे?

तेव्हा हैबती उठला. सगळ्यांसमोर भंडारा उचलून बोलला, चंपाषष्ठीच्या आत हा बिबळ्या उठवतो. नाही उठवला तर भाला देवाच्या पायाशी ठेवीन, आणि पुन्हा स्वतःला शिकारी म्हणवणार नाही.

हळद उचलून दिलेला शब्द, तो काही मागं घेता येत नाही. चंपाषष्ठीला आता आठ दिवस उरले होते. आणि त्याची दोन्ही चांगली कुत्री मेली होती.

म्हणून तो इथं माळावरच्या खंडोबाच्या देवळात आला होता. धुळाबाबाकडं.

धुळाबाबा आता वाघ्या होता. वाघ्या म्हणजे खंडोबाचा कुत्रा. मालकाच्या दारात राहायचं, त्याच्या नावानं भुंकायचं, लाकडी कोटंब्यात पडेल ते खायचं. पण त्याआधीची तीस वर्षं त्यानं बिबळ्यांमागं घालवली होती. किती बिबळे उठवले ते लोक वेगवेगळं सांगत. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. त्याचं एकही कुत्रं बिबळ्यानं मारलं नव्हतं. सगळी म्हातारी होऊन, उन्हाला पडून मेली.

त्याच्याकडं आताही एका वेताची तीन भावंडं होती, वर्षभराची. एक तांबडा, एक करडा, एक पांढरा-काळा बांडा. धुळाबाबा कुत्रं विकत नसे, देत असे. आणि एका माणसाला जन्मात एकदाच. ते मेलं तर दुसरं मागायला यायचं नाही.

“बघून घे,” धुळाबाबा चुलीकडं तोंड करूनच म्हणाला. “तुझं तू निवड.”

हैबतीला हेच हवं होतं. निवडणं त्याला शिकवायला नको होतं.

तो तांबड्याजवळ गेला आणि त्याचा कान पिरगाळला. तांबडा गर्रकन वळला आणि त्याच्या मनगटावर दात उमटवून गेला. हैबती खूश झाला, पण त्यानं त्याला बाजूला केलं. तापट कुत्रं आधी भांडतं आणि मग बघतं.

मग बांड्याचा कान धरला. नुसता धरला, तर त्यानं असा गळा काढला की चिंचेवरचे कावळे उठले. शेपूट पायांत घालून तो जो पळाला तो धुळाबाबाच्या पाठीशी जाऊन उभा राहिला आणि तिथूनही ओरडतच राहिला, जणू काही गाऱ्हाणं सांगत होता.

हैबती हसला. म्हणाला, हे ध्यान देवळात घंटेच्या जागी टांगा.

शेवटी करडा. हैबतीनं कान पिरगाळला. आणखी पिरगाळला. करड्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून आवाज नाही. तो नुसता हैबतीकडं बघत राहिला.

“हा,” हैबती म्हणाला.

“हा का?”

“जिवाला लागलं तरी आवाज न्हाई. बिबळ्यापुढं असलाच पाहिजे.”

“बरं.” धुळाबाबानं कमरेच्या पिशवीत भंडाऱ्यासाठी हात घातला. मग तो हात तसाच राहिला. “आदीची दोन कशी गेली म्हणालास?”

हैबती अजून काहीच म्हणाला नव्हता. पण सांगायला त्याला आवडायचं.

वजीर पहिल्याच दिवशी गेला, समोरासमोर, पोट फाटून. त्याचं त्यानं चार शब्दांत उरकलं. मग तो पाखऱ्यावर आला. पाखऱ्याची गोष्ट त्यानं चावडीवर सांगितली होती, लग्नाच्या मांडवात सांगितली होती, आणि दर वेळी ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या होत्या.

दुपार कललेली. ओढ्याकाठी करवंदीच्या सात जाळ्या, एकीत एक घुसलेल्या. माग काढत पाखऱ्या आत गेला तो बाणासारखा. हैबती आणि चार गडी भाले घेऊन काठावर. आत काय चाललंय काही कळेना. पाला हलेना, आवाज नाही. कुठल्या जाळीत भाला घालायचा? दिवस मावळेपर्यंत उभे राहिले, मग माघारी गेले. फटफटताना पुन्हा आले आणि एकेक जाळी उघडली. तिसऱ्या जाळीत पाखऱ्या पडलेला. पुढचा पाय मोडलेला, बरगडीत पंजा लागलेला. जिथं हैबती आदल्या दिवशी उभा होता तिथून दहा पावलांवर.

“मरताना हूं न्हाई का चूं न्हाई,” हैबती म्हणाला. “गडी असावा तर असा.”

धुळाबाबानं भाकरी उलटली.

“ताठला हुता का?”

“न्हाई. अंग ऊन हुतं अजून.”

…

भाकरी फुगली. धुळाबाबानं ती चिमट्यानं काढून चुलीच्या तोंडाशी उभी केली.

हैबतीनं पुढं बोलायला तोंड उघडलं होतं. पुढं नेहमी तो म्हणायचा, असं कुत्रं पुन्हा होणं नाही. पण ते वाक्य आलं नाही.

अंग ऊन होतं. फटफटताना ऊन होतं.

म्हणजे दुपार कलल्यापासून पहाटेपर्यंत… दहा पावलांवर.

हैबती तिथं उभा होता तेव्हा गप्प नव्हता. तो खाकरला होता. गड्यांशी बोलला होता. एकाकडं तंबाखू मागितली होती, आणि ती ओली निघाली म्हणून त्याला शिवी घातली होती. पाखऱ्याला त्याचा आवाज अर्ध्या कोसावरून कळायचा. त्यानं सगळं ऐकलं असणार. मालक खाकरला ते, तंबाखू मागितली ते. मग ‘चला रे, अंधार पडला’ म्हणाला, तेसुद्धा.

आणि पाखऱ्यानं तोंड मिटून ठेवलं. कारण भुंकलं की काठी बसते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

…

धुळाबाबा उठला. कोटंब्यात भाकरी कुस्करली, वर दूध ओतलं, आणि देवळाच्या पायरीपुढं ते मातीत ठेवलं. मग सत्तरी ओलांडलेला तो म्हातारा गुडघे टेकून, हात टेकून चार पायांवर आला, आणि भुंकला. लाजत नाही, हसत नाही. मालकाच्या दारातलं कुत्रं भुंकतं तसा.

तांबडा आणि करडा धावत आले. बांडा मागून आला. म्हाताऱ्यानं त्यांच्या तोंडाला तोंड लावून दोन घास खाल्ले, मिशीचं दूध पुसलं आणि तो बाजूला झाला.

“आता तू.”

“मी?”

“जेवायचं न्हाई?”

हैबतीच्या कपाळाची शीर ताठ झाली. तो म्हणाला, आमच्या घरात देवाचा जागर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, पण भुंकायचं ते वाघ्यानं, आम्ही नव्हे. मी कुत्री पाळणारा माणूस आहे. कुत्र्याचं सोंग घ्यायला आलो नाही.

धुळाबाबानं वाद घातला नाही. पायरीला पाठ टेकून तो उन्हात बसला, पाय लांब करून, जणू त्याला कुठंच जायचं नव्हतं.

करडा कोटंबा चाटून गेला. ऊन पायरीवरून उतरलं…

हैबती दोनदा वाटेला लागला. दोनदा चिंचेपर्यंत जाऊन परत आला.

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं डोईचं पागोटं उतरून पायरीवर ठेवलं. गुडघे टेकले. हात टेकले.

आवाज निघेना.

पुन्हा तोंड उघडलं. नुसता वारा निघाला. जन्मभर त्यानं दुसऱ्यांना बोलावलं होतं, हुकूम दिला होता, हाकारा घातला होता. ‘मी इथं पडलोय, या’ असं त्याच्या गळ्यातून कधी गेलंच नव्हतं. ती वाट त्याच्या गळ्यात नव्हतीच.

तिसऱ्या वेळी आलं. ते भुंकणं होतं का रडणं, कुणी सांगावं. जाळीतून एकदा यायला हवं होतं ते माळावर आलं, आणि थांबेना.

तांबडा गुरगुरला. करडा देवळाआड निघून गेला.

बांडा मात्र धावला. हैबतीपासून चार हातांवर येऊन तो थांबला. पुढं येईना, मागं जाईना. अंगावरचे केस उभे, पाय थरथरतात, पण जागा सोडेना. आणि धुळाबाबाकडं मान वळवून तो भुंकायला लागला. एकसारखा. एकदा हैबतीकडं बघे, एकदा म्हाताऱ्याकडं, आणि भुंके.

मधेच माळावरून एक ससा पळाला, अगदी नाकासमोरून. बांड्यानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“आलो रं, आलो,” धुळाबाबा त्याला म्हणाला. गुडघ्यावर हात देत उठला, चालत आला, आणि त्यानं हैबतीच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा कुठं बांडा गप झाला.

हैबती मातीतच बसून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं.

“भितो ह्यो,” तो म्हणाला. आवाज बसला होता.

“भितो की.”

“बिबळ्यापुढं भ्यालेलं कुत्रं…”

“पळालं का?”

हैबतीनं बांड्याकडं बघितलं. तो अजून तिथंच होता, चार हातांवर.

“न्हाई.”

“मग?”

…

धुळाबाबानं चिमूटभर भंडारा काढला. बांड्याच्या कपाळाला लावला, उरलेला हैबतीच्या. पाय दुमडून बसवलेल्या नवरा-नवरीला लावावा तसा.

हैबती म्हणाला, दिवस आठच उरलेत. माझी कुत्री तयार व्हायला दोन वर्षं लागायची. एवढ्यात ह्याला शिकवून व्हायचं कसं?

“त्येचं झालंय शिकून,” धुळाबाबा म्हणाला. “तुझं बघ.”

हैबतीनं पागोटं गुंडाळलं. बांड्याच्या गळ्यात दावं अडकवलं. या खेपेला कानाला हात न लावता. सहा कोस चालायचं होतं, ऊन असेपर्यंत निघायला हवं होतं. चिंचेपाशी पोचल्यावर त्याला आठवलं, आणि त्यानं तिथूनच विचारलं.

“बाबा, ह्याचं नाव काय?”

“त्येचं नाव कशाला पायजे तुला? तुझं सांग त्येला. हाक त्यो मारनार हाय.”