मापाला लावलेला हात

एका तालुक्याच्या गावी एकदा शरयू नावाची एक तरुणी प्रोग्रामिंग शिकू लागली. दिवसभर ब्लाउज शिवायचे आणि उरल्या वेळात सेकंडहँड लॅपटॉपवर फुकटचे व्हिडिओ पाहून फंक्शनल प्रोग्रामिंगचे धडे गिरवायचे, असा तिचा क्रम होता. क्लासची फी तिच्या आवाक्याबाहेर होती.

सरावासाठी तिने धंद्यातलाच प्रोग्राम लिहिला. गिऱ्हाइकाच्या मापात शिवणीची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचे जादा कापड, मिळवून कापड कापायचे माप त्याने सांगायचे. पहिल्यांदा उत्तर बरोबर येई. पुन्हा चालवला की माप वाढलेले. कित्येक आठवडे चूक सापडेना. अखेर तिच्या मनाने घेतले, की पैसे मोजल्याशिवाय ही विद्या आपल्याला यायची नाही. तिने शिलाई मशीन विकायला काढले. घेणाराही मिळाला.

मशीन देण्याआधी ती लॅपटॉप घेऊन दातार गुरुजींकडे गेली. गणिताच्या या निवृत्त शिक्षकांनी उतारवयात संगणकाचा अभ्यास केला होता. त्यांनी प्रोग्राम सावकाश वाचला, काही कळा दाबल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळा मजकूर पुसून टाकला.

शरयू ताडकन उठून उभी राहिली.

गुरुजींनी दुसरी फाईल उघडली. तिचा प्रोग्राम तिथे जसाच्या तसा होता.

"पुसली ती प्रत," ते म्हणाले. "मूळ शाबूत होते, म्हणून मी निर्धास्त होतो. तुझा प्रोग्राम मात्र मूळ मापच बदलून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यातच पुन्हा माया मिळवतो. फंक्शनने, म्हणजे प्रोग्राममधल्या हिशेब करणाऱ्या तुकड्याने, हाती आलेल्या मापाला धक्का लावू नये, त्यावरून नवे माप काढून द्यावे. मग कितीदाही विचार, उत्तर तेच. कापड बेतताना तू काय करतेस?"

"मापाची रेघ तशीच ठेवते, गुरुजी. मायेची वेगळी मारते."

"मग हे तुला येतेच आहे. तसेच लिही."

तिने लिहिले. पुन्हा पुन्हा चालवून पाहिले. माप जागचे हलले नाही. तिने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. क्लासचे काय करू, असे तिने चाचरत विचारले. चूक लॅपटॉपची नव्हती आणि फुकटच्या धड्यांचीही नव्हती, एवढेच गुरुजी म्हणाले.

ती अंगणात गेली आणि मशीन विकायचे नाही, असे फोनवर सांगून आली. मग पदर खोचून पुन्हा लॅपटॉपपुढे बसली. बाहीचे माप अजून लिहायचे राहिले होते.