सोपानचे चार रविवार

एका गावात एक भोळा माणूस होता. आता तुम्ही म्हणाल, भोळी माणसं कुठल्या गावात नसतात? असतात की. पण बाकीच्या गावांत ती स्वतःला शहाणी म्हणवून घेतात. आमच्या सोपानला तेवढंही जमत नव्हतं. त्याच्याकडे चार म्हशी होत्या, अंगणात पेरूचं झाड होतं आणि त्याला सांभाळायला एक वत्सलाआत्या होती. आत्या सांगेल ते सोपान ऐकायचा. नुसतं ऐकायचा नाही, ध्यानात ठेवायचा. सगळा घोटाळा तिथंच होता.

एकदा आत्या म्हणाली, "सोपाना, दुधाकडे बघ रे. उतू गेलं की मला हाक मार."

"बरं आत्या, ध्यानात ठेवतो," सोपान म्हणाला. तो चुलीपाशी बसला. दूध वर आलं, त्यानं बघितलं. दूध उतू गेलं, तेही बघितलं. पातेलं रिकामं झालं, मग त्यानं हाक मारली. असा हा माणूस.

वय झालं बत्तीस, तरी लग्न जमेना. अकरा स्थळं आली आणि चहा पिऊन गेली. मग बारावं आलं साताऱ्याचं. हणमंतराव शेडगे म्हणून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांची केतकी. केतकीनंही बरीच मुलं नाकारली होती. तिचं म्हणणं असं, की पोह्याच्या बश्या घेऊन मी बाहेर येणार नाही. भेटायचं तर रविवारी 'निवांत' हॉटेलात ब्रंचला भेटायचं. तिथं 'मागच्या दारची सून' मालिकेचा महाएपिसोड मोठ्या पडद्यावर लावतात. तो मी कुणासाठी चुकवणार नाही.

"ब्रंच म्हणजे काय?" आत्यानं मध्यस्थाला विचारलं.

"न्याहारी चुकली आणि जेवायला धीर नाही, अशा लोकांचं खाणं."

"म्हणजे उशिरा उठणाऱ्यांचं," आत्या म्हणाली. पण स्थळ चांगलं होतं. तिनं सोपानला समोर बसवलं. "हे बघ, लोकांत हावरेपणा करायचा नाही. कुणी काही देऊ केलं, की तीनदा नको म्हणायचं. चौथ्यांदा घ्यायचं, तेही म्हणायचं, एवढा आग्रहच आहे तर अर्धं द्या. आणि घेतलेलं पानात टाकायचं नाही."

"बरं आत्या, ध्यानात ठेवतो."

पहिल्या रविवारी सोपान इस्त्रीचा सदरा घालून गेला. दारावर पाटी होती, 'रविवारी अकरा ते तीन. या, बसा, घाई करू नका.' सोपाननं ती दोनदा वाचली. आत हणमंतराव आणि केतकी बसले होते. केतकीनं विचारलं, "मालिका बघता का हो?"

"नाही. आमच्या टीव्हीवर कोंबडी बसते."

केतकीला हसू आलं. तिला आतापर्यंत भेटलेल्या प्रत्येक मुलानं सांगितलं होतं की मालिका मलाही फार आवडते. त्यातल्या एकालाही सुनेचं नाव सांगता आलं नव्हतं. हा निदान कोंबडीचं तरी खरं सांगत होता.

वेटर आला. "साहेब, आपल्याला काय आणू?"

"नको."

वेटर गेला. सोपान वाट बघत राहिला. वेटर शेजारच्या टेबलावर थालीपीठ ठेवत होता. सोपाननं त्याला हाक मारली. "अहो, अजून तीनदा विचारायचं राहिलंय."

वेटरला वाटलं थट्टा करतायत. तो हसला आणि निघून गेला. पुन्हा काही तो फिरकला नाही. हणमंतराव म्हणाले, "सोपानराव, तिकडे टेबल मांडलंय, काही घ्या की."

"नको."

हणमंतराव शहरात राहून सुधारलेले. माणूस नको म्हणाला म्हणजे त्याला नको असेल, असं त्यांना वाटायचं. एक वाजता बापलेक जेवून उठले. सोपान मात्र तीनपर्यंत बसून होता, कारण पाटीवर तसं लिहिलं होतं. चार तास त्यानं इडली बघितली, साबुदाणा वडा बघितला, कसला तरी लाल केक बघितला. घरी आला तो उंबऱ्यावरच बसला आणि भाकरी मागितली.

पण एक सांगायचं राहिलं. केतकी सोपानला फार आवडली होती. भाकरी खाताना तो दोनदा आपल्याशीच हसला, आणि आत्यानं ते पाहिलं.

"अरे लेका," आत्या म्हणाली, "हॉटेलात कुठला आग्रह? तिथं लाजायचं नसतं. टेबलावर मांडलेलं असतं, उठायचं आणि सगळ्यातलं थोडं थोडं घ्यायचं."

"बरं आत्या, ध्यानात ठेवतो."

केतकीनं वडलांना सांगितलं होतं, अजून एकदा भेटू. म्हणून दुसरा रविवार आला. सोपान आत शिरला तो बशी घेऊनच. आत्यानं टेबल म्हटलं होतं, कुठलं ते सांगितलं नव्हतं. तिथं तर चौदा टेबलं होती आणि सगळ्यांवर काही ना काही मांडलेलं होतं. सोपान दारापासून सुरू झाला. पहिल्या टेबलावरून त्यानं अर्धी इडली घेतली. दुसऱ्यावरून आप्पे घेतले. तिसऱ्या टेबलावर एक बाई बाळाला खिमट भरवत होती. तिच्या वाटीतलं चमचाभर घेतलं.

"अहो, काय करताय?" बाई म्हणाली.

"सगळ्यातलं थोडं थोडं," सोपान म्हणाला. "लाजायचं नसतं."

कुणी ओरडलं, कुणी उठून उभं राहिलं. एका म्हाताऱ्या गृहस्थानं मात्र आपणहून लोणचं वाढलं. सोपान शेवटी हणमंतरावांपाशी पोचला आणि त्यांनी नुकतं सोललेलं अंडं उचललं. मग खाली बसून म्हणाला, "नमस्कार मामा." केतकी रुमाल तोंडाला लावून खिडकीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

मॅनेजरपुढे हणमंतरावांना मान खाली घालावी लागली. मध्यस्थानं फोनवरून सगळं आत्याच्या कानावर घातलं. आत्यानं डोक्याला हात लावला. "अरे, लोकांच्या ताटातलं घेतात का? जे दुसऱ्याचं आहे त्याच्याकडे मान वर करून बघायचंसुद्धा नाही. आणि तिच्याशी बोल जरा. तिला मालिका आवडते ना? मग तूही बघ. बघितलंस ते सगळं सांग तिला. पोटात ठेवू नकोस."

"बरं आत्या, ध्यानात ठेवतो."

सोपाननं कोंबडीला उठवलं आणि आठवडाभर मालिका बघितली. मालिकेत मोठ्या घरातली दागिन्यांची पेटी चोरीला गेली होती. चोर कोण, हे दीड वर्ष कुणाला कळत नव्हतं. त्या रविवारी कळणार होतं. शेजारच्या सुनेच्या मोबाइलवर मात्र तो भाग सकाळीच आला. सोपाननं तो म्हशी धुता धुता बघून घेतला.

तिसऱ्या रविवारी 'निवांत' गच्च भरलं होतं. लोक पडद्याकडे तोंड करून खुर्च्या लावून बसले होते. केतकीनं पुन्हा भेटायचा हट्ट धरला होता आणि हणमंतराव एकट्या मुलीला पाठवायचे नाहीत, म्हणून तेही होते, पण तोंड पाडून. सोपान आला आणि मान खाली घालून बसला. बशीकडे बघत राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"सोपानराव," हणमंतराव म्हणाले, "मुलगी बघायला आलात ना? मग बघा तरी."

"कसं बघू? ती तुमची आहे."

हणमंतरावांनी उगाच मीठ पुढं सरकवलं.

केतकी म्हणाली, "बरं, नका बघू. मालिका बघितली का?"

"बघितली," सोपान बशीला म्हणाला. मग पोटात ठेवायचं नाही हे आठवून त्यानं मोठ्यांदा सांगून टाकलं, "पेटी आजोबांनी नेली. तिच्यात दागिने नव्हतेच, लाडू होते. आजोबांना साखर वर्ज्य आहे."

पडद्यावर शीर्षकगीत नुकतंच सुरू झालं होतं. दीड वर्ष मालिकेतल्या काकीवर संशय घेणाऱ्या एका बाईनं हातातला डोसा खाली ठेवला. आणि केतकी, जी आजवर नुसती हसत होती, ती उठून बाहेर गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हसायची गोष्ट नाही. दीड वर्ष एखाद्या गोष्टीची वाट बघून बघा म्हणजे कळेल.

सोपाननं आता मान वर केली, पण समोर खुर्ची रिकामी होती. त्याला फार वाईट वाटलं. त्या दिवशी तो घरी जाऊन भाकरीसुद्धा मागेना.

आत्यानं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. "अरे माझ्या कर्मा. पुढं काय होणार ते आधी कधी सांगतात का? कुणी कितीही विचारलं तरी हसायचं आणि म्हणायचं, पुढच्या भागात कळेल."

"ध्यानात ठेवतो आत्या. पण आता पुढचा भाग आहे का?"

आत्यानं हणमंतरावांना स्वतः फोन केला. एकदा तरी मोठ्या माणसांसमोर बोलणं होऊ द्या, म्हणाली. हणमंतराव म्हणाले, हा शेवटचा रविवार, त्यानंतर हा विषय आमच्या घरात निघायचा नाही. तेही केतकी हो म्हणाली म्हणून.

चौथ्या रविवारी आत्या बरोबर गेली. नऊवारी, हातात पेरूंची पिशवी. हणमंतराव हात धुवायला गेले होते. केतकी तोंड फिरवून बसली होती. सोपाननं बघितलं, हणमंतरावांच्या खुर्चीचा मागचा पाय निखळलाय. तो टक लावून बघायला लागला. तेवढ्यात हणमंतराव आले.

"काय बघताय एवढं?"

सोपान हसला. "पुढच्या भागात कळेल."

हणमंतराव बसले. पुढचा भाग लगेचच आला. दोन वेटर धावले, त्यांनी हणमंतरावांना उचललं, दुसरी खुर्ची दिली. केतकीनं पुन्हा रुमाल तोंडाला लावला. गेल्या आठवड्याचा राग तिच्या चेहऱ्यावर होता, पण आता तो टिकवायला कष्ट पडत होते.

"लागलं नाही ना?" आत्या म्हणाली.

"नाही," हणमंतराव कंबर चोळत म्हणाले. "सोपानराव, म्हशी किती तुमच्या?"

"पुढच्या भागात कळेल."

"शिक्षण?"

"पुढच्या भागात कळेल."

आत्यानं टेबलाखालून त्याला असा चिमटा काढला की तो अर्धा उठला. ती कानाशी लागून म्हणाली, "मेल्या, ते मालिकेचं होतं. मालिका विसर, मधलं सगळं विसर. अगदी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तेवढंच ध्यानात ठेव." मग वर तोंड करून ती म्हणाली, "म्हशी चार आहेत. शिक्षण दहावी. आणि खोटं बोलायला त्याला येत नाही. शिकवूनसुद्धा येत नाही."

हणमंतरावांनी केतकीकडे बघितलं. केतकी सोपानकडे बघत होती. गेला आठवडाभर तिनं विचार केला होता. पेटीत लाडू असलेली मालिका तिला आता जास्तच आवडायला लागली होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं हळूच मान हलवली.

हणमंतरावांनी मोठा उसासा टाकला. म्हणाले, "ठीक आहे. सोपानराव, आमची केतकी आम्ही तुम्हाला देतो."

सोपानचं काळीज भरून आलं. आयुष्यात त्याला दुसरं काही एवढं हवंसं वाटलं नव्हतं. त्यानं आत्याचं सगळं नीट आठवलं आणि म्हणाला,

"नको."

वेटरच्या हातातली किटली तिथल्या तिथं थांबली. आत्यानं डोळे मिटले. हणमंतरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ते उठले, नवी खुर्ची मागे सरकली. केतकीचं हसू कुठल्या कुठं गेलं, तिनं मान खाली घातली. सोपान वाट बघत होता. कुणीच पुन्हा विचारेना. हॉटेलात आग्रह करत नाहीत, हे त्याला एकदम आठवलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हळूच म्हणाला, "अजून तीनदा विचारायचं राहिलंय."

केतकीनं झटकन मान वर केली. पहिला रविवार, तो वेटर, चार तास उपाशी बसलेला हा माणूस. सगळं तिच्या ध्यानात आलं. तिनं वडलांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"बाबा, आग्रह करा."

"कसला आग्रह?"

"करा हो."

हणमंतरावांनी इकडंतिकडं बघितलं. चौदाच्या चौदा टेबलांवरची माणसं खायची थांबली होती. पडद्यावर मालिका चालू होती, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"घ्या हो, सोपानराव," ते पुटपुटले.

"नको, खरंच नको."

"संकोच करू नका. घरचीच आहे."

"नको हो, पुरे."

खिमटाची बाई मागून म्हणाली, "अहो, आमच्यासाठी घ्या."

ही चौथी वेळ होती. सोपाननं डोळे पुसले आणि छानसा हसला. "आता एवढा आग्रहच करताय, तर अर्धी द्या."

हॉटेलात कुणाला हसू आवरलं नाही. हसली नाही ती एकटी केतकी. ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "अर्धी मिळत नाही. सगळी घ्यावी लागेल. आणि पानात टाकायची नाही."

"बरं," सोपान म्हणाला, "ध्यानात ठेवतो."